डोस्कं दुखायलंय का?

आमच्या घराला दोनच खोल्या होत्या. पुढच्या खोलीत चूल, माणसं आणि पाहुणे. मागच्या खोलीत लोकरीची गाठोडी, आजारी कोकरं आणि वर्षातले कितीतरी दिवस मी. त्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीत वर एक झरोका होता, माझं डोकं उठलं की माय त्यात फडकं कोंबायची. मग उरायचा तो लोकरीचा वास. कातरलेल्या लोकरीला घामाचा, तेलाचा आणि मातीचा मिळून एक जड वास असतो. एरवी तो मला आवडायचा. डोकं दुखत असलं की तोच वास नाकातून आत शिरून डोळ्यामागं जाऊन बसायचा. उलटी झाली तर असावं म्हणून माय उशाशी राखेचं घमेलं ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. दार ओढलं की उजेड जायचा, आवाज मात्र जात नसत. मायचं भाकरी थापणं, बाहेर मेंढरांच्या खुरांची सरसर, एडक्याच्या गळ्यातली घंटी, पत्र्यावर उतरलेल्या कावळ्याची नखं. एकेक आवाज डाव्या कानशिलात येऊन ठोका मारायचा. मी दोन्ही हातांनी डोकं धरून पडलेली असायची आणि वाटायचं, हे डोकं काढून घटकाभर बाजूला ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी जेवत होते. पाऊस अडकून बसला होता. रोज आभाळ भरून यायचं, वारा बंद पडायचा, पत्रे तापून खोलीची भट्टी व्हायची आणि थेंब काही पडायचा नाही. मायनं अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली होती. मी ताटाकडं बघितलं तर भाकरी अर्धीच. मी म्हणाले, "माय, मला अर्धीच भाकर कामून वाढलीस?" माय म्हणाली, "डोळे फुटले का तुझे? अख्खी हाय की." मी हात लावून बघितला. हाताला अख्खी लागत होती आणि डोळ्याला अर्धी दिसत होती. दुसऱ्या अर्ध्याच्या जागी पाण्यावर ऊन हलावं तसं काहीतरी चमचम करत होतं. मी घाबरून मायच्या तोंडाकडं बघितलं, तर तिचाही एक गाल गायब. थोड्या वेळानं ते हलणारं ऊन विरलं आणि डाव्या डोळ्याच्या मागं कुणीतरी उखळात मुसळ घालायला सुरुवात केली. ताटातलं तसंच राहिलं. मी उलटी केली आणि मायनं मला उचलून मागच्या खोलीत नेलं. आभाळ फुटून पाऊस आला तो दुसऱ्या दिवशी. तोवर मी तिथंच होते.

पुढं हे होतच राहिलं. मायनं तिला माहीत होतं ते सगळं केलं. सुंठ उगाळून कपाळाला लावली, फडक्यानं डोकं आवळून बांधलं, तेल जिरवलं. एका म्हातारीनं कानशिलावर बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितला. त्याचा डाग अजून आहे. केस मागं घेतले की दिसतो, म्हणून मी आयुष्यभर डाव्या बाजूनं केस थोडे सैल ठेवले. कशानंच फरक पडला नाही. फरक पडायचा तो फक्त मायच्या अंगठ्यानं. ती अंधारात येऊन माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि भुवईच्या टोकाला अंगठा दाबून धरायची. तेवढा वेळ मुसळ थोडं हळू पडायचं.

आता वडलांविषयी. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आमचं घर मेंढपाळाचं, येलदरीच्या धरणाकडच्या माळावरचं. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण घर चालायचं ते मेंढरांवर. दादांचा सगळा जीव आभाळात अडकलेला असायचा. मेंढरू भिजलं की गारठतं, गारठलं की बसतं, बसलं की उठत नाही, हे ते लहानपणापासून बघत आले होते. घराबाहेर पाऊल टाकताना ते आधी वर बघायचे, मग खाली.

एका वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा लोकर कातरायचा दिवस ठरला. मेंढरं ओढ्यावर धुऊन आणलेली, कातरणारी पाहुणे मंडळी कात्र्या पाजळून बसलेली, आभाळ निळंशार. आणि सकाळपासून माझं डोकं. दादा मागच्या खोलीत काहीतरी घ्यायला आले आणि मला बघून दारातच थबकले. मला वाटलं, जवळ येतील. ते तसेच बाहेर गेले आणि पाहुण्यांना म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या. उद्या बघू." पाहुणे हसले. "पोरीचं डोस्कं दुखायलंय मनून कातरणी बंद?" दादांनी मेंढरं परत कोठ्यात कोंडली. दुपारी वारा सुटला, कुठून कुठून ढग गोळा झाले आणि असा पाऊस आला की अंगणातून लोंढा वाहायला लागला. शेजारच्या वाडीत त्याच सकाळी कातरणी झाली होती. तिथली उघडी मेंढरं थंडी भरून पडली. आमचं एकही गेलं नाही. संध्याकाळी दादा आत आले, माझ्या अंगावर स्वतःची घोंगडी घातली आणि पायाशी बसून राहिले. मला त्या घोंगडीचा स्पर्श फार गोड वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे. आपल्या दुखण्याचा कुणाला तरी उपयोग झाला याचा आनंद त्या वयात काय असतो ते सांगता येत नाही.

पण त्या दिवसापासून माझं डोकं माझं राहिलं नाही.

पहाटे दादा कोठ्यात जाण्याआधी माझ्या अंथरुणापाशी यायचे, उकिडवे बसायचे आणि हळूच विचारायचे, "दुखायलंय का?" मी "व्हय" म्हटलं की विचारायचे, "लय का थोडं?" लय म्हटलं तर मेंढरं कोठ्यात, थोडं म्हटलं तर जवळच्या रानात, नाही म्हटलं तर लांब. हळूहळू गावाला कळलं. बायका वाळवण घालायच्या आधी दारात येऊन मायला विचारायच्या, "कौशीचं डोस्कं कसं हाय आज?" ज्यांची ज्वारी खळ्यावर पडलेली ती माणसं जाता जाता हाक मारायची. मी शाळेतून येताना कपाळाला हात लावला, साधा घाम पुसला, तरी समोरचा माणूस आभाळाकडं बघायचा. मी कपाळाला हात लावायचं सोडून दिलं. ऊन डोळ्यावर आलं तरी डोळे बारीक करायचे नाहीत, मान अवघडली तरी चोळायची नाही, असं वागायला लागले. आपल्याच अंगात आपण पहाऱ्यात असल्यासारखं ते होतं.

माय एकटी या सगळ्याच्या विरुद्ध होती. ती दादांना म्हणायची, "गेल्या हप्त्यात दुखलं तवा कुठं पडला पाऊस? तेच्या आधी दुखलं तवा कुठं पडला?" दादा म्हणायचे, "इकडं न्हाई पडला, तिकडं पडला आसंल." पाऊस पडला की लोकांच्या लक्षात राहायचं, नाही पडला की कुणाच्या लक्षात राहायचं नाही. मी स्वतःही विसरायचे. मलाही वाटायला लागलं होतं की माझ्यात काहीतरी आहे.

आता माझ्या नातीच्या मोबाइलवर सकाळीच कळतं, दुपारी परभणीत ढग किती आणि वारा किती. तीही मला विचारते, "आज्जी, आज हवा दमट आहे, गोळी घेतलीस का?" ती काळजीनं विचारते. तरी "हवा" आणि "डोकं" हे दोन शब्द एकत्र आले की मी अजून कपाळावरचा हात खाली घेते.

मग एका दिवाळीनंतर दादा मेंढरं घेऊन बाहेर निघाले, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं, पिकं निघालेल्या रानांमधून. ते दरवर्षी जायचे. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत व्हायचं, बदल्यात धान्य मिळायचं. माय आणि मी गावातच राहायचो. त्या वर्षी दादा म्हणाले, "कौशीला घेऊन जातो."

माय भाकरी थापता थापता थांबली. "साळा?"

"होळीला येईल वापस. मास्तरला सांगतो मी."

"उन्हातान्हात तिचं डोस्कं वाढंल."

दादा उठून आभाळ बघत दारात गेले. मी सातवीत होते. गणितात माझा हात चालायचा, बाईंनी मला पुढच्या बाकावर आणलं होतं. माझं दप्तर खुंटीला लागलं आणि मी घोड्यावर लादलेल्या सामानाच्या मागं चालत निघाले.

रानातलं ते राहणं ज्यानं चार दिवस पाहुणा म्हणून बघितलं त्याला छान वाटेल. मोकळा माळ, लांबवर धरणाचं पाणी चांदीसारखं, संध्याकाळी तीन दगडांची चूल, गरम भाकरी, ठेचा आणि मेंढीच्या दुधाचा चहा. ते छान होतंही. पण दिवसभर त्या चांदीकडं बघून माझे डोळे फुटायचे, चुलीचा धूर नाकात जायचा, मेंढरांच्या राखणीत झोप तुटायची आणि जेवणाला वेळकाळ नव्हता. घरी आठवड्यात कधीतरी दुखायचं ते डोकं तिथं एक दिवसाआड दुखायला लागलं. आणि तिथं मागची खोलीच नव्हती. एवढ्या मोठ्या माळावर अंधार असा कुठंच नव्हता. मी घोंगडीखाली तोंड घालून पडायची, तिच्यातून ऊन टाचण्यांसारखं आत यायचं. ओरडले की मेंढरं बिचकायची, म्हणून मी घोंगडीचा काठ दातात धरायची. दार ओढलेल्या खोलीत मला कोंडल्यासारखं वाटायचं, पण खरं कोंडणं काय असतं ते मला त्या उघड्या माळावर कळलं.

आमच्या सोबत अनसाआत्याचा कळप होता. अनसाआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. उंच, आवाजाची खणखणीत, मेंढरू नुसतं चालण्यावरून ओळखणारी. नवरा लवकर गेल्यावर तिनं कळप एकटीनं वाढवला होता आणि तो आमच्या तिप्पट होता. ती माझे लाड करायची. माझ्या केसांना तेल लावायची, कोकरू व्यालेल्या मेंढीचा खरवस आधी मला द्यायची. तिचा मुलगा मारोती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, मुलखाचा लाजाळू. एकदा आत्या माझी वेणी घालत असताना दादांना म्हणाली, "किसन, ही पोरगी मी मारोतीला करून घेनार. बाहीर देऊ नको."

दादा हसले. "लहान हाय आजून."

"लहान हाय तवर ठरवून ठिऊ. आसलं डोस्कं दुसऱ्याच्या कळपाला कशाला द्यायचं?"

माझ्या केसात तिचा हात फिरत होता. मी तशीच बसून राहिले. मला मारोतीचं काही वाटलं नाही, लग्नाचंही फारसं कळत नव्हतं. मला फक्त पुढचं सगळं आयुष्य एकदम दिसलं: माळ, ऊन, धूर, आणि पहाटे घोंगडीच्या तोंडाशी कुणीतरी येऊन विचारतंय, दुखायलंय का.

मध्ये एकदा माय धान्य न्यायला आली. मला बघून तिनं डोक्यावरची पाटी खाली टाकली. माझे डोळे खोल गेले होते, हाताची हाडं दिसत होती. ती सरळ दादांकडं गेली. तिचं माहेर सेलूजवळचं. तिथं बाजारात एक म्हातारे डॉक्टर होते, तिच्या माहेरची माणसं त्यांच्याकडं जायची. माय म्हणाली, "मी लेकराला सेलूला दाखवून आनते. इलाज आसंल तर करू."

दादा काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "आन् बरी झाली तर?"

आत्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. मेंढी विकावी की ठेवावी असं विचारतात तसं. मायनं दादांकडं बघितलं. दादांनी खाली बघितलं, हातातल्या काठीनं माती उकरली आणि म्हणाले, "हा हंगाम जाऊ दे." माय त्या दिवशी माझ्या शेजारी बसून रडली आणि संध्याकाळच्या आत परत गेली. घरी शेळ्या होत्या, त्यांना कुणी नव्हतं. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. मी तिच्या मागं पळत गेले नाही, कारण डोक्यात मुसळ चालू होतं आणि पळता येत नव्हतं.

मग ती दुपार आली. हुरड्याचे दिवस संपत आले होते, ज्वारी कणसाला भरून उभी होती. आमचा मुक्काम एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर होता. आखाडा म्हणजे शेतातलं घर, मोठा गोठा, भोवती कडुलिंबाची झाडं. त्या सकाळी मी जागी झाले तर डोकं इतकं हलकं होतं की मला आधी भीतीच वाटली. मी मान फिरवून बघितली. उजेडाकडं बघितलं. काही नाही. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं तरी खाल्ल्या, आणि मग कोकरांच्या मागं धावत सुटले. एक काळं कोकरू होतं, ते पाठीवर उडी मारायचं. मी चवड्यावर बसायची आणि ते चढायचं, पुन्हा पडायचं. मी मोठ्यानं हसत होते. मारोतीसुद्धा लांब उभा राहून हसत होता.

आखाड्याचा मालक, वयस्क माणूस, बैलांना पाणी दाखवत होता. तो दादांना म्हणाला, "किसनराव, आज हितंच ऱ्हावा. उत्तरंकडचा रंग मला बरा दिसंना. गोठा रिकामा हाय."

दादांनी वर बघितलं. उत्तरेला क्षितिजाशी पिवळट-काळी रेघ होती, बाकी आभाळ मोकळं. मग ते माझ्याकडं वळले. मी कोकराखाली आडवी पडून हसत होते. "कौशे, दुखायलंय का?"

"न्हाई दादा. जराबी न्हाई."

दादांचा चेहरा उजळला. ते मालकाला म्हणाले, "काई फिकीर न्हाई," आणि आम्ही मेंढरं वर माळावर काढली. चारा तिकडं चांगला होता. झाड एक नव्हतं.

दुपार कलली तशी हवा एकाएकी गार झाली. ऊन गेलं. मेंढरांनी चरायचं सोडून माना एकमेकींच्या पोटाखाली घातल्या. दादा ओरडले, "फिरवा, फिरवा!" पण कळप हलेना. आधी दोन-चार टप्पे ऐकू आले, कुणीतरी दगड मारतंय असे. मग लिंबाएवढ्या गारा. दादांनी मला जमिनीवर पाडलं, घोंगडी दुहेरी करून माझ्यावर टाकली आणि वरून स्वतः ओणवे झाले. त्यांच्या पाठीवर गारा पडायच्या तो आवाज मला त्यांच्या छातीतून ऐकू यायचा. मेंढरांचा आवाज आधी फार मोठा होता, मग कमी झाला, आणि गारांचाच राहिला. आणि त्या सगळ्या वेळात, मला अजून आठवतं, माझं डोकं अजिबात दुखत नव्हतं.

थांबलं तेव्हा सगळा माळ पांढरा झाला होता. खालची ज्वारी झोडपून आडवी पडली होती. दादा उठले, त्यांच्या कानामागून रक्त येत होतं. मेंढरांचे ढीग पडले होते, वरची मेलेली, त्यांच्याखाली काही जिवंत. दादा एकेकीला ओढून बाजूला करत होते, नाकापाशी हात धरून बघत होते. मारोती त्यांच्या मागं मागं चालत रडत होता. काळं कोकरू मला मिळालं नाही. मी गारांमध्ये अनवाणी उभी होते, पाय बधिर झाले होते, आणि माझ्या मनात दुःखाच्या खाली दुसरंच काहीतरी हललं. आता हे मला विचारणार नाहीत. असं वाटल्याबद्दल मी पुष्कळ वर्षं स्वतःला वाईट समजत होते. आता समजत नाही. जाळीत अडकलेल्या जिवाला दोरी तुटल्याचा आवाज आधी ऐकू येतो, कशानं तुटली ते मागून कळतं.

आत्या दुसऱ्या बाजूच्या रानात होती. दिवस बुडायच्या आत ती धावत आली. तिची निम्मी मेंढरं आमच्यासोबत होती, ती बहुतेक गेली होती. ती मेलेल्या मेंढरांमधून चालत सरळ माझ्यापाशी आली आणि माझे दंड धरले. "दुखत व्हतं का न्हाई? खरं सांग. दुखत व्हतं आन् तू बोलली न्हाईस?"

दुखत होतं म्हणावं तर मी दगाबाज. नव्हतं म्हणावं तर मी खोटं नाणं. मी म्हणाले, "न्हाई दुखलं आत्या. लय बरं वाटत व्हतं."

"बरं वाटत व्हतं!" आत्या किंचाळली. "आमचा संसार बुडाला आन् हिला बरं वाटत व्हतं!"

मी दादांकडं बघितलं. ते एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

माय बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी चालत आली. खड्डे खणायचं काम चालू होतं. आत्या अजून बोलतच होती: पोरीनं हट्टानं केलं, शाळा सुटली म्हणून डाव धरला. मायनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग ती दादांसमोर जाऊन उभी राहिली. चारचौघांत ती दादांशी कधी मान वर करून बोलली नव्हती. ती म्हणाली, "मेंढरं गेल्याचं दुःख मलाबी हाय. पन माझ्या लेकराला एक दिवस बरं वाटलं, त्याचा गुन्हा करू नका. कामं उरकली की तिला घेऊन सेलूला चला. तुमी चला. मी न्हाई नेत." आणि मला म्हणाली, "चल घरी."

दादा आले. आठवडाभरानं, धुतलेलं धोतर नेसून. आम्ही दोघं जिंतूरहून एसटीनं सेलूला गेलो. डिझेलच्या वासानं आणि खिडकीतल्या झळाळीनं वाटेतच माझं डोकं उठलं. सेलूत कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या, जिनिंगची घरघर सगळ्या बाजारावर पसरली होती आणि हवेत कापसाची पिसं उडत होती. मी डोळे मिटून दादांचा हात धरून चालले. दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, बाहेर पडवी, पडवीत बाकड्यावर माणसं. आमचा नंबर आला. डॉक्टर म्हातारे, जाड भिंगाच्या चष्म्याचे, बोलायला संथ. त्यांनी स्टुलाकडं बोट केलं, मी बसले. दादा भिंतीला टेकून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले,

"सायेब, हिला पाऊस कळत व्हता. आता कळंना."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दादांकडं नीट बघितलं, मग माझ्याकडं.

त्यांनी शेवटी दादांना काय समजावून सांगितलं ते सांगून टाकते. ते म्हणाले, हे अर्धशिशीचं दुखणं. हवा बदलली, उकाडा वाढला, डोळ्यावर ऊन चमकलं की काही माणसांचं डोकं उठतं. पण दर वेळी उठेलच असं नाही, आणि उठलं म्हणजे पाऊस येईलच असंही नाही. उपाशी राहणं, झोप मोडणं, धूर, उग्र वास, यांनीही उठतं. रानात हिला हे सगळं एकदम मिळालं. त्यांनी गोळ्या दिल्या, वेळेवर जेवायला, झोपायला आणि सावलीत राहायला सांगितलं. दुखणं गेलं नाही, ते जाणारं नव्हतं. पण मी शाळेत परत गेले, सातवी एक वर्ष उशिरा पास झाले आणि पुढं स्वतः शिक्षिका झाले. आत्यानं लग्नाची गोष्ट पुन्हा काढली नाही. आभाळ भरून आलं की वर्गाच्या खिडक्या ओढून घेऊन मी कितीतरी तास शिकवलं आहे, एका हातानं खडू आणि दुसऱ्या हातानं भुवई धरून.

पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीत डॉक्टर दादांना एवढंच म्हणाले, "पावसाचं राहू द्या." मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी मला विचारलं, "बाळ, तू सांग. कुठं दुखतं?"

दुखतं का, हे मला सगळ्या गावानं विचारलं होतं. किती, हे दादांनी विचारलं होतं. माय न विचारताच तिथं अंगठा ठेवायची. कुठं, हा शब्द मला पहिल्यांदाच ऐकू आला. मी डाव्या भुवईवर बोट ठेवलं, मग डोळ्यावर, मग मानेवर. "कसं दुखतं?" मी म्हणाले, मुसळासारखं. मग मी बोलायला लागले आणि मला थांबता येईना. भाकरी अर्धी दिसते ते सांगितलं. मायचा गाल दिसत नाही ते सांगितलं. उन्हाच्या टाचण्या सांगितल्या, एडक्याच्या घंटीचा आवाज सांगितला. मेंढरं बिचकू नयेत म्हणून घोंगडी दातात धरते ते सांगितलं. दुखत नसेल तेव्हा "न्हाई" म्हणायची भीती वाटते, आणि दुखत असेल तेव्हा दादांच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं दिसतं, तेही सांगितलं.

बोलता बोलता मी मागं बघितलं. भिंतीपाशी दादा नव्हते. दार उघडं होतं आणि ते बाहेर पडवीच्या खाली, भर उन्हात, लोकांकडं पाठ करून उभे होते. फेटा काढून त्यांनी तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"सांग," डॉक्टर म्हणाले, "अजून सांग."

मी सांगत राहिले.